घरातलंच कुणीतरी

याकोबनं टेम्पोचं फाळकं खाली पाडलं, आत हात घालून गोणी ओढली आणि तशीच अंगणात टाकली. गोणीतून रक्ताचं पाणी निघालं आणि फुफाट्यात पसरलं.

"जस्टिन! बाहेर ये. तुझा माल तुझ्या दारात ठिवलाय, उचल."

राहुरीच्या खालच्या अंगाला, कालव्याला लागून जस्टिनचं डुकरांचं शेड होतं आणि शेडला लागूनच घर. याकोबचं तालुक्याला मटणाचं दुकान. जस्टिनच्या बापाच्या वेळेपासून तो इथूनच जनावरं न्यायचा. ईस्टरला महिना उरला होता. आदल्या दिवशी त्यानं चांगलं भरलेलं डुक्कर नेलं होतं.

जस्टिन शेडमधून आला. पायात गमबूट, विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"काय झालं, याकोबभाऊ?"

याकोबनं गोणीचं तोंड सोडलं, मांडीचा तुकडा काढून फाळक्यावर ठेवला आणि सुरीनं चिरला. लाल मांसात पांढरे दाणे दिसत होते, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. एक दाणा नखानं उकरून त्यानं तो जस्टिनच्या सदऱ्याला पुसला.

"हे काय हाय?"

"चरबी असंल."

"मला चरबी वळखायला शिकिवतो? गिऱ्हाइकाच्या म्होरं कापलं मी हे. बाया तोंडाला पदर लावून निघून गेल्या. तुझ्या बापाच्या वक्ताला असलं कवा निघालं न्हाई. काय खाया घालतो रं तू जनावरांला?"

"हाटेलातलं आनतो, उकळून घालतो. दुसरं काय?"

"मंग हे आभाळातनं पडलं व्हय?" याकोबनं सुरी गोणीला पुसली. "ईस्टरचा माल मी दुसरीकडनं बघतो. आन कुनी इचारलं तर मी खोटं बोलनार न्हाई, आदीच सांगतो."

टेम्पो धुरळा उडवत निघून गेला. त्याची बायको जास्मिन ओसरीवर तांदूळ निवडत होती, ती सूप घेऊन तशीच उभी राहिली. सदऱ्यावरचा तो ओला डाग पुसायचंही जस्टिनला सुचलं नव्हतं. तिला त्याची कीव आली नाही. राग आला. याकोबसमोर उभं राहायचं सोडून हा माणूस पाय जोडून शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला, याचा.

सासू, मरियाबाई, गोणीजवळ येऊन वाकली. "नीट शिजवलं की काय हुत न्हाई. आमी काय कमी खाल्लं का? एवढं मटान टाकून देता काय?"

"पुरा ते, आत्याबाई," जास्मिन म्हणाली. "माझ्या चुलीवर हे चढनार न्हाई."

"तुझी चूल कवापासून झाली?"

जस्टिननं दोघींकडं बघितलं नाही. त्यानं आसारामला हाक मारली. आसाराम आणि त्याची बायको लंकाबाई शेडवर कामाला होती. ऊसतोडीला आलेली शेवगावकडची माणसं, तोडी संपल्यावर परत गेलीच नाहीत. शेडच्या मागं पत्र्याच्या खोपटात राहायची. दोघांनी बांधाकडेला खड्डा घेतला. कालव्याचं पाणी सुटायचं लांबलं होतं, जमीन दगडासारखी झाली होती. टिकाव मारला की ठिणगी उडायची. लंकाबाई घमेल्यानं माती वर टाकत होती. तिच्या पाठीवर चोळी घामानं काळी झाली होती.

गोणी खड्ड्यात टाकून वर चुना पसरल्यावर ती जास्मिनला म्हणाली, "वहिनी, त्या शेवटच्या कप्प्याच्या नालीत संडासचं पानी येतंय. मी मागं बी दादाला बोलले हुते. लई वास मारतो."

"डुकराच्या शेडात अत्तराचा वास यायचाय का?" जास्मिन म्हणाली. "हात धुवा आन तिकडं जा."

त्या आठवड्यात फोन आले. एका मागून एक आले आणि सगळे सारखेच होते. उंबरे गावच्या बाईनं मटणाची ऑर्डर रद्द केली, मग चर्चच्या मंडळीतल्या दोघांनी. जस्टिन फोन उचलायचा, "बरं, बरं" म्हणायचा आणि फोन ठेवून शेडमध्ये जायचा. आतून डुक्कर किंचाळल्याचा आवाज यायचा. तो त्यांना लाथा घालत होता.

जस्टिन-जास्मिनची पोरगी एंजल चक्कर येऊन पडली ती लंकाबाईच्या खोपटात. दुपारची शाळा सुटल्यावर पोरगी दप्तर ओसरीवर टाकून सरळ तिकडंच पळायची. लंकाबाईची बाजरीची भाकर आणि ठेचा तिला घरच्या जेवणापेक्षा गोड लागायचा. त्या दिवशी लंकाबाई तिला दोन्ही हातांवर घेऊन धावत आली. पोरीचा डावा हात आणि गाल ताडताड उडत होते, डोळे पांढरे झाले होते, फेसात बाजरीचे कण होते.

"वहिनी, ओ वहिनी, बघा ना, घास तोंडात हुता आन..."

जास्मिननं पोरीला हिसकावून घेतलं. मरियाबाई "प्रभू, प्रभू" करत कांदा फोडून आणायला धावली. थोड्या वेळानं अंग सैल पडलं. एंजलनं डोळे उघडले, पण ती आईला ओळखत नव्हती. चड्डी ओली झाली होती.

"काय चारलं गं तू तिला?" मरियाबाई लंकाबाईच्या अंगावर धावून गेली.

"भाकरच की. रोज खाती तीच."

"तुझ्या खोपटात बसून काय बाय खाती, आन म्हनं भाकर!"

लंकाबाई तिथंच उभी राहिली. तिचे हात अजून पोरीला धरल्यासारखेच पुढं होते.

नगरला मेंदूचा फोटो काढला. मेंदूच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, आवाजाला कोरड्या. त्यांनी फोटो दिव्यावर लावला आणि एका पांढऱ्या टिपक्यावर पेन टेकवलं.

"ही गाठ. हिच्यामुळं फिट आली. गाठ जंताची आहे. घरी डुकरं आहेत का?"

जस्टिननं मान हलवली. "पन मॅडम, पोरगी मटान फार खातच न्हाई."

"मटण खाऊन ही गाठ होत नाही. नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "दाणे असलेलं मटण कच्चट राहिलं आणि कुणी खाल्लं, तर त्या माणसाच्या आतड्यात फितीसारखा लांब जंत वाढतो. कित्येकदा त्या माणसाला कळतही नाही. पोट थोडं दुखतं, बस. त्याच्या शौचातून अंडी पडतात. ती अंडी डुकराच्या पोटात गेली तर डुकराच्या मांसात दाणे होतात. आणि माणसाच्या पोटात गेली, तर मेंदूत अशी गाठ होते."

"माणसाच्या पोटात कशी जातील?" जास्मिननं विचारलं.

"हातानं. परसाकडे जाऊन आल्यावर साबणानं नीट हात धुतले नाहीत, त्याच हातानं पीठ मळलं, घास भरवला. ही मुलगी बाहेर जेवते का?"

"न्हाई. घरीच. आन शेडवरच्या बाईकडं."

"मग घरातलंच कुणीतरी. किंवा ती बाई. सगळ्यांच्या शौचाची तपासणी करा. एकालाही सोडू नका. नाहीतर मी हिला औषध देत राहीन आणि तुम्ही हिला अंडी खाऊ घालत राहाल."

मोटरसायकलवर एंजल दोघांच्या मध्ये झोपून गेली. जास्मिन सगळ्या वाटेनं हात मोजल्यासारखी आठवत होती. भाकरी थापणारे मरियाबाईचे हात, नखांत कायम पीठ. जस्टिनचे हात, शेडमधून येऊन तसेच ताटावर बसणारे. लंकाबाईचे हात. प्रत्येक हात तिला पोरीच्या तोंडात गेलेला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं सरकारी दवाखान्यातला जनावरांचा डॉक्टर बोलावला. तो तरुण होता, नाकाला रुमाल न लावता प्रत्येक कप्पा फिरला. डुकरांना जंताचं औषध कधी दिलं विचारल्यावर जस्टिननं डोकं खाजवलं.

"ते द्याच," डॉक्टर म्हणाला, "पण त्यानं हे मिटणार नाही. तुमची डुकरं बाहेर सोडत नाही म्हणता. मग बंद शेडमध्ये त्यांना माणसाचा मैला मिळाला कुठून?"

 डॉक्टर नालीच्या कडेनं चालत शेवटच्या कप्प्यापाशी गेला आणि थांबला. भिंतीच्या तळाला एक पाइप बाहेर डोकावत होता. त्यातून थेंब थेंब काळं पाणी नालीत पडत होतं. पिल्लं त्याच ओलीत मुस्कट घालून लोळत होती.

"हे कुठून येतं?"

जस्टिन म्हणाला, "संडासची टाकी भरली हुती. उपसायची गाडी येईना. म्हनून जरा... वरचं पानी काढून दिलं."

डॉक्टरनं त्याच्याकडं बघितलं, मग जास्मिनकडं. "तुम्हीच तुमच्या डुकरांना चारलंय मग," एवढंच बोलून तो हात धुवायला पाणी मागू लागला.

तो गेल्यावर जास्मिननं पहार घेतली. पाइपच्या बुडात पहार घालून ती उलटी दाबली, पुन्हा दाबली. पाइप तडकला तेव्हा घाण तिच्या पिंडऱ्यांवर उडाली.

"याड लागलं का तुला?" जस्टिन ओरडला.

"लंकाबाई कवाचं सांगत हुती, संडासचं पानी येतंय म्हनून. तुमाला ठावं हुतं!"

"तुला बी सांगितलं हुतं की तिनं. तू काय केलं?"

 तिनं पहार भिंतीला टेकवली आणि तडकलेल्या तोंडात चिखल-सिमेंट कोंबायला बसली. टाकी उपसायची गाडी तिनं स्वतः फोन करून बोलावली.

तपासणीच्या डब्या तिनं सगळ्यांच्या हातात दिल्या. मरियाबाईनं डबी जमिनीवर आपटली.

"माझ्या हातचं पाळकसाहेब जेवलेत ह्या घरात. ह्या वयात मी डबीत घान भरून देऊ? कुनासाठी, तुझ्यासाठी?"

"एंजलसाठी."

"एंजलचं नाव घेऊन मला नागवू नको."

पण दुसऱ्या दिवशी डबी कागदात गुंडाळून खिडकीत ठेवलेली होती. त्यानंतर मरियाबाई सुनेशी एक अक्षर बोलली नाही. आसारामनं हसत हसत दिली. लंकाबाईनं दिली नाही.

"मी डुकराचं मटान खात न्हाय, वहिनी. आजवर तोंडात घातलं न्हाय. मपल्याला कामून लागंल ते?"

"डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांची सांगितलीय."

"दुसरं काय बी सांगा. हे न्हाय." ती मान खाली घालून उभी होती. "मपल्या नवऱ्यासमोर, दादासमोर ती डबी... लाज हाये ना बाईमानसाला."

"आमाला न्हाई का लाज? पोरगी घास कुनाच्या हातचा खात हुती? तुझ्याच ना?" जास्मिनचा आवाज चढला. लंकाबाईला ती आजवर 'तुमी' म्हणत होती. "दडवायचं काय हाय म्हनून देत न्हाईस तू?"

लंकाबाईनं मान वर केली.

"दडवायचं?" ती म्हणाली. "तुमच्या संडासात मला कवा पाय ठिऊ दिला का तुमी? पहिल्याच दिशी तुमच्या सासूनं सांगितलं, तुमी रानात जायाचं. चार पावसाळे मी त्या बाभळीमागं जाती. पाइप कुनाच्या संडासचा? तुमच्या. मंग डुकराच्या पोटात कुनाची घान गेली? सांगा की!"

ओसरीवरून मरियाबाई म्हणाली, "जीभ बघा बाईची!"

लंकाबाईचं म्हणणं खरं होतं, हे जास्मिनला तिथंच कळलं होतं. पण पोरीच्या ओठांवरचे बाजरीचे कण तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. तिला कुणीतरी हवं होतं. घराबाहेरचं.

"तुझं सामान उचल," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

आसाराम हात जोडायला लागला. लंकाबाईनं त्याचा हात धरून खाली ओढला. ऊन उतरायच्या आत दोघं निघाली. पत्र्याची पेटी आसारामच्या डोक्यावर, चूल आणि भांडी लंकाबाईच्या. एंजल ओसरीच्या खांबाला धरून रडत होती. मरियाबाईनं तिला आत नेलं.

मरियाबाईनं मग काम फत्ते केलं. सार्वजनिक नळावर, मंडळीत, किराण्याच्या दुकानात ती एकच गोष्ट सांगत फिरली. ती कामवाली बाई होती, तिच्या पोटात किडा होता, तिनंच पोरीला आणि जनावरांना रोग लावला. हाकलली तिला. आता समदं निर्मळ हाय. गोष्ट याकोबपर्यंत पोचली. त्याचा फोन आला. जस्टिननं तो फोन उभा राहून घेतला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

"जनावरं तपासून नेतो म्हनतोय. ईस्टरला हुईल काम," तो म्हणाला.

आसाराम-लंकाबाई लांब गेली नव्हती. शेजारच्या गोरक्षच्या रानात कांदा काढणीला लागली होती. गोरक्षचा आणि शेडचा बांध एक. सकाळी शेणखताच्या ढिगावर उभं राहिलं की तिथून कांदा काढणाऱ्या बायांची रांग दिसायची. लंकाबाई रांगेत नसायची. ती वेगळी, बांधाच्या टोकाला एकटी पात कापत बसलेली असायची. पाण्याचा माठ बाभळीखाली होता, तिकडं ती जाताना जास्मिनला कधी दिसली नाही. आपल्यासोबत प्लास्टिकची बाटली घेऊन यायची.

जास्मिन बघायची आणि खाली उतरायची. आता शेड तिच्याच अंगावर आलं होतं. सकाळी कप्पे खरडायचे, घाण ढिगावर टाकायची, पाण्याच्या टाकीतलं पाणी पुरवून पुरवून मारायचं. उन्हानं डुकरं धापा टाकत. एक माजलेली डुकरीण अंगावर आली आणि तिनं जास्मिनला भिंतीला दाबलं. बरगडीला काळंनिळं झालं. जस्टिनला ती बोलली नाही. रात्री कुशीवर वळता येईना तेव्हा तिला लंकाबाईच्या पाठीवरची ती काळी ओली चोळी आठवली, आणि तिनं ते मनातून ढकलून दिलं.

एंजलला दाखवायला दोघं पुन्हा नगरला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जस्टिनला पोरीला घेऊन बाहेर बसायला सांगितलं.

"तपासणीत सापडलं," त्या म्हणाल्या. "तुमच्यात."

जास्मिनला आधी वाटलं 'तुमच्यात' म्हणजे घरात. "कुणाच्यात?"

"तुमच्या पोटात आहे. बाकीच्या डब्या ठीक आहेत."

"मी तर... मी हात धुते मॅडम."

"धुत असाल. पाणी कमी असेल, साबण नसेल, घाई असेल. केव्हा लागलं, कुठं खाल्लं, हे आता कुणी सांगू शकत नाही. वर्ष झालं असेल, दोन झाली असतील. ही गोळी घ्या, जंत पडून जाईल. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तपासू." मग जरा आवाज खाली करून, "मुलीला मुद्दाम कोणी देत नाही हे. रडायचं असेल तर इथं रडून घ्या. बाहेर ती बसलीय."

ती रडली नाही. बाहेर आली. एंजल बाकावर पाय हलवत बिस्कीट खात होती. तिनं अर्धं बिस्कीट आईपुढं धरलं. जास्मिननं हात पुढं केला आणि मागं घेतला.

जस्टिनला तिनं गाडीपाशी सांगितलं. तो किल्ली लावता लावता थांबला.

"तू?"

"व्हय."

"तूच खाऊ घातलं तिला."

"आन पाइप तुमी लावला."

तो मारील असं तिला वाटलं. त्यानं मारलं नाही. गाडीला किक मारली. वाटेत राहुरीच्या अलीकडं त्यानं गाडी थांबवली, मागं न वळता म्हणाला, "हे कुनाला कळता कामा नये. याकोब परवा येनारय. बाई हुती, बाई गेली, विषय संपला. कळलं?"

गोळी घेतल्यावर पोट पिळवटून निघालं. दुसऱ्या दिवशी संडासात तिनं बघितलं. पांढरट, चपटी, गाठी गाठीची फीत, नाडीसारखी. संपतच नव्हती. भिंतीला हात लावून ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. एवढं मोठं जिवंत काहीतरी तिच्या आत जेवत होतं, आणि तिला कळलं नव्हतं. बाहेर येऊन तिनं साबण लावून हात धुतले. पुन्हा धुतले. बोटांची कातडी पांढरी पडली.

मरियाबाईला जस्टिननं सांगितलं होतं.  ती चुलीपुढं गेली आणि जास्मिनचं ताट, तांब्या, वाटी उचलून मोरीच्या कडेला वेगळी ठेवली. परातीला हात लावू दिला नाही. दुपारी जास्मिननं एंजलला भात कालवून दिला तर पोरीनं तोंड फिरवलं.

"आज्जी भरवंल. तुझ्या हातात किडं हायती."

"कोन म्हनलं?"

एंजल आजीकडं बघत होती. मरियाबाई भाकरी थापत राहिली. थाप थाप थाप. तिनं वर बघितलं नाही.

"आत्याबाई, गोळी घेतलीय मी. गेलाय तो. डॉक्टरीणबाई म्हनल्या..."

"डॉक्टरीणबाईला म्हनावं, तुमच्या पोरीला भरवा मंग हिच्या हातनं."

जास्मिन उठली. ताट तसंच ठेवून मागच्या दारानं बाहेर पडली. आधी तिला कुठं जायचंय ते ठाऊक नव्हतं. खताच्या ढिगापाशी आली तर समोर गोरक्षचं रान. भर उन्हात बाया रांगेनं बसल्या होत्या, आणि ती एकटी, बांधाच्या टोकाला. कापलेल्या पातीचा ढीग तिच्या गुडघ्यांपर्यंत आला होता. तेवढ्यात गोरक्षची बायको मनकर्णा रांगेला पाणी द्यायला उठली. माठातून तांब्या भरून एकेकीला वरून ओतत आली. लंकाबाईच्या अलीकडं थांबली आणि वळली.

जास्मिन बांध ओलांडून त्या रानात शिरली.

"कांद्यावर पाय देऊ नको," मनकर्णा लांबूनच म्हणाली. "काय पायजे?"

"लंकाबाईशी बोलायचंय."

लंकाबाईनं विळा थांबवला नाही. "बोला."

"तुमच्या पोटात काय नव्हतं, लंकाबाई. मला सापडलं. माझ्या पोटात हुता."

विळा थांबला. लंकाबाईनं तिच्याकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "हे मला कामून सांगतीस? मला ठावं हुतं मपल्या पोटात काय हाये न काय न्हाय. ज्यांला न्हाय ठावं, त्यांला सांग." तिनं विळ्यानं रांगेकडं खूण केली. "मला हाकललंस ते हळू बोलून न्हाय हाकललं."

 याकोब परवा येणार होता. शेडात विकायला आलेली डुकरं होती. हे सगळं तिला दिसत होतं. ती रांगेकडं वळली आणि मोठ्यानं बोलली. लंकाबाईचा दोष नव्हता. रोग आमच्याच घरातला. किडा माझ्या पोटात निघाला, माझ्या हातानं पोरीला लागला. आमच्या संडासचं पाणी आम्हीच डुकरात सोडलं होतं. सासू सांगत फिरली ते खोटं होतं आणि मी ते फिरू दिलं.

रांगेतल्या कडेच्या दोघी सरकून मागं झाल्या. एकीनं बाजूला झोपवलेलं लेकरू उचललं. मनकर्णानं माठावर फळी टाकली.

"सांगितलंस ना," ती म्हणाली. "आता बांधाबांधानं जा. माझ्या कांद्यातनं जाऊ नको."

जास्मिन लंकाबाईकडं वळली. ती काय म्हणेल असं तिला वाटलं होतं कोण जाणे.

"ऐकलं," लंकाबाई म्हणाली. "जा आता. मी काय येनार न्हाय तुमच्या शेडावर, ते इचारायला आली असशील तर." आणि तिनं नवा कांदा हातात घेतला. जास्मिन बांधावर चढली तेव्हा मागून मनकर्णाचा आवाज आला, "लंकाबाई, ये गं, इकडं रांगेत बस. पानी पी." लंकाबाईनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. जास्मिननं वळून बघितलं नाही.

घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. जस्टिन अंगणात उभा होता, फोन हातात.

"बोललीस?"

"बोलले."

त्यानं शेजारची खाद्याची बादली लाथेनं उडवली. उष्टं अंगणभर पसरलं, कोंबड्या धावल्या. "आता कर काय करायचं ते. याकोबला तूच सांग. जनावरं तूच मार, तूच पूर. मी ह्या शेडात पाय ठिवनार न्हाई."

"मी सांगते याकोबभाऊला. सगळी तपासू, औषध देऊ, जिभेखाली दाना असंल ते पुरू. उरलेली राखू."

"आन खानार कोन ती? तू?"

तो गाडी काढून निघून गेला. जास्मिननं बादली उचलली, हातानं गोळा होईल तेवढं गोळा केलं आणि शेडकडं निघाली, कारण डुकरं ओरडत होती.

पहिल्या कप्प्यात खाद्य ओतते तोच घरातून मरियाबाईची किंकाळी आली.

एंजल ओसरीवर आडवी पडली होती. तेच. डावा हात उडत होता, मान एका बाजूला आखडलेली, दात घट्ट. मरियाबाई तिच्या तोंडात चमचा घालायला बघत होती. जास्मिननं चमचा हिसकावून अंगणात फेकला आणि डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं तसं पोरीला कुशीवर वळवलं. गळ्याची गुंडी सोडली. डोक्याखाली आपली मांडी सरकवली.

"हात नको लावू तिला!" मरियाबाईनं तिचं मनगट धरलं. "तू हात नको लावू! डुकरातनं आलीस तशी!"

म्हातारीची बोटं मनगटात रुतली. जास्मिननं दुसऱ्या हातानं पोरीचा गाल धरून ठेवला, जीभ मागं जाऊ नये म्हणून. फेस तिच्या बोटांवरून ओघळत होता. तिच्या हाताला डुकराच्या खाद्याचा वास येत होता, हे तिला कळत होतं.

"सोडा, आत्याबाई. नंतर काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

मरियाबाई ओढत राहिली. ओढता ओढता तिला रडू फुटलं. रडतानाही तिनं मनगट सोडलं नाही. झटके हळूहळू कमी झाले, हाताचं उडणं थांबलं. एंजलनं लांब श्वास घेतला. डोळे उघडले, पण अजून कुणालाच ओळखत नव्हती ती. अंधाऱ्या खोलीत चाचपडावं तशी तिनं बोटं हलवली. त्यांना आईचा अंगठा लागला. तिनं तो मुठीत घट्ट धरला.

जास्मिननं हात काढून घेतला नाही.